पाणी नको, पाणी हवं: रबाळ्यातल्या एका नायलॉन क्लिपचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्याला प्लॅस्टिक नवं नाही. याच रस्त्यावर एकेकाळी नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे प्लॅस्टिकचा मूळ कच्चा माल बनवणारा कारखाना, चालायचा. तो केव्हाच बंद झाला, पण छोटी मोल्डिंग युनिटं दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत अजून गल्लोगल्ली सापडतात. हे प्रकरण रबाळे एमआयडीसीतल्या अशाच एका युनिटचं. सहा मशीन, दोन पाळ्या, पंचवीसेक माणसं. मालक माझ्या वडिलांचे मित्र, म्हणून मी त्यांना काका म्हणते, आणि माझं सल्ल्याचं बिल वेळेवर न मिळण्याचं कारणही तेच. मशीनवरच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरना अख्खा कारखाना मामा म्हणतो. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माल म्हणजे नायलॉन ६ ची एक क्लिप. सोलर पंपाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये वायरींची जुडी धरून ठेवणारी. लांबी ३४ मिमी, जाडी सव्वा मिमीच्या आसपास, वजन चार ग्रॅमच्या थोडं वर. एका टोकाला जीभ, दुसऱ्या टोकाला खाच. जीभ वाकवून खाचेत सरकवली की टक् असा आवाज येतो आणि क्लिप बसते. ग्राहक राजस्थानात पॅनेल जोडतो. महिन्याला दोन-तीन खेपा ट्रकने जायच्या आणि तीन वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

जुलैची अडचण

त्या वर्षी पाऊस लागला आणि क्लिपांवर चंदेरी रेघा दिसायला लागल्या. नोझलमधून माल गळायचा, साच्याच्या फटीतून फ्लॅश, म्हणजे मालाचा पातळ पापुद्रा, बाहेर यायची, आणि शंभरातल्या चार-पाच क्लिपा लॉक करताना जिभेच्या मुळाशी तुटायच्या. सुपरवायझरने प्रेशर कमी केलं, मग तापमान कमी केलं. रेघा थोड्या कमी झाल्या, तुटणं तसंच राहिलं.

मामांचं म्हणणं एका वाक्यात होतं, "दाण्याने पाणी पिलंय." ते बरोबर होतं. दाण्याची, म्हणजे कच्च्या नायलॉनची, गोणी उघडली की उरलेला माल तोंडाला दोरी बांधून तसाच ठेवायचा, हा इथला रिवाज. रनर, म्हणजे साच्यात माल नेणाऱ्या वाटेत गोठलेला भाग, दळून केलेला रिग्राइंड तर उघड्या क्रेटमध्येच पडलेला असायचा, आणि तो तीस टक्क्यांपर्यंत मिसळायचे. हॉपरवर, म्हणजे मशीनमध्ये दाणा ओतायच्या नसराळ्यावर, ड्रायर होता, पण साधा गरम हवेचा. हा ड्रायर बाहेरची हवा ओढतो आणि ८० अंशांना तापवून दाण्यातून सोडतो. जुलैत रबाळ्याची हवाच ओली. ती तापवली म्हणून तिच्यातली वाफ कुठे जात नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पंखा लावावा आणि खोलीची खिडकी खाडीकडे उघडी ठेवावी, तसला प्रकार.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्याशी बांधलेला आहे.

नायलॉन ६ म्हणजे कॅप्रोलॅक्टम नावाच्या कड्यासारख्या रेणूची कडी उघडून एकापुढे एक जोडलेली साखळी. १९३८ मध्ये जर्मनीत पॉल श्लाक यांनी ती पहिल्यांदा बनवली. आज कारखान्यांत कडी उघडायचं हे काम थोडं पाणी घालूनच सुरू करतात. म्हणजे या प्लॅस्टिकच्या जन्मालाच पाणी लागतं. गंमत अशी की ही अभिक्रिया उलटीही फिरते. साखळीतला प्रत्येक जोड हा अमाइड गट. वितळलेल्या अवस्थेत, २४०-२५० अंशांना, पाण्याचा रेणू त्या जोडावर आला की जोड तुटतो, एका तुकड्याच्या टोकाला आम्ल गट येतो, दुसऱ्याच्या टोकाला अमाइन. एका साखळीच्या दोन झाल्या.

हिशेब करून बघा. साखळीचं सरासरी रेणुभार २०,००० धरलं, तर एक किलो नायलॉनमध्ये ०.०५ मोल (रेणू मोजायचं एकक) साखळ्या असतात. त्याच किलोत फक्त ०.३ टक्के पाणी असेल, म्हणजे तीन ग्रॅम, तर ते झालं ०.१७ मोल. साखळ्यांच्या तिप्पट कात्र्या! बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या ज्या तापलेल्या नळीत दाणा वितळतो तिथे, माल काही मिनिटंच असतो, त्यामुळे सगळ्या कात्र्या चालत नाहीत, पण थोड्या चालल्या तरी पुरे. साखळ्या आखूड झाल्या की वितळलेला माल पातळ होतो, म्हणून नोझल गळतं आणि फ्लॅश येते. थंड झाल्यावर आखूड साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतत नाहीत, म्हणून क्लिप तुटते. चंदेरी रेघा हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी भाग, ती नुसती वाफ. नायलॉन ६ चा दाणा ०.२ टक्क्यांच्या खाली वाळवून मगच बॅरलमध्ये सोडायचा, असं दाणा बनवणारे सांगतात ते याचसाठी.

ऑगस्टमधले दोन निर्णय

काकांनी गणपतीच्या आधी डिह्युमिडिफायिंग ड्रायर घेतला. हा ड्रायर हवा आधी शोषकातून नेऊन कोरडी करतो, तिचा दवबिंदू उणे ४० अंशांपर्यंत उतरतो, आणि मग तीच हवा फिरवत राहतो. युनिटच्या मानाने खर्च मोठा होता. मला फोनवर विचारलं, मी म्हटलं, डोळे झाकून घ्या. रिग्राइंड झाकून ठेवायची आणि तोही वाळवायची शिस्त लागली. पहिल्याच आठवड्यात रेघा गेल्या, फ्लॅश गेली.

त्याच फोनवर काकांनी आणखी एक गोष्ट विचारली होती. आतापर्यंत तयार क्लिपा उघड्या क्रेटमध्ये पडून असायच्या, ऑर्डर जमेपर्यंत दोन-तीन आठवडे, आणि मग खोक्यात भरून जायच्या. ग्राहकाला धूळ नको होती. शिवाय काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पाणी शत्रू आहे. त्यांनी ठरवलं की साच्यातून पडलेल्या क्लिपा गार झाल्या झाल्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत सील करायच्या.

"काही हरकत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्या वेळी मी ऐरोलीच्या सिग्नलला उभी होते आणि माझं लक्ष ड्रायरच्या किमतीकडे होतं. या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली दोन अक्षरं ती.

जानेवारीची अडचण

सप्टेंबर ते नोव्हेंबर छान गेले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राजस्थानातून फोन आला की क्लिपा लॉक करताना तुटताहेत. सकाळच्या पाळीत जास्त, दुपारी कमी. एका खोक्यात शंभरातल्या तीस. त्यांनी उरलेला माल बाजूला काढला आणि पंधरा दिवसांत कारण कळवा, नाहीतर दुसरीकडून घेतो, असं सांगितलं.

काकांचा पहिला संशय दाण्याच्या लॉटवर. पुरवठादाराशी तासभर भांडण झालं, निष्पन्न शून्य. सुपरवायझरचा संशय नव्या ड्रायरवर, त्याने दाणा जास्त वाळवून करपवला असणार. हा संशय अगदीच हवेतला नव्हता. नायलॉन गरम हवेत फार वेळ ठेवला तर पिवळा पडतो. पण क्लिपा पांढऱ्याशुभ्र होत्या. काका मात्र चिडून म्हणाले, "एवढे पैसे घातले आणि माल आधीपेक्षा खराब. ड्रायर बंदच करा!" मामांनी तो खरंच दोन दिवस बंद ठेवला होता, हे मला नंतर कळलं. थंडी असल्यामुळे फार बिघडलं नाही, एवढंच.

मी गेले तेव्हा टेबलावर तुटलेल्या क्लिपांचा ढीग होता. तुटलेली कड दोन्ही वेळची सारखीच दिसते, जुलैचीही आणि जानेवारीचीही. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं कठीण.

पाणी पाजून बघणं

इथे या प्रकरणातलं खरं वळण आहे, आणि त्याला लागला एक स्टीलचा टोप, गॅसची शेगडी आणि पॅकिंगमधला वजनकाटा.

नायलॉन ठिसूळ होण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, साखळ्या तुटल्या. दोन, साखळ्या शाबूत आहेत पण मधे पाणी नाही. अमाइड गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. तयार वस्तूत हवेतलं पाणी हळूहळू शिरतं, त्या बंधांच्या मधे जाऊन बसतं, आणि साखळ्यांना थोडी हालचाल करू देतं. भिजवलेलं चामडं वाकतं आणि वाळलेलं तडकतं, तसं समजा. कोरड्या नायलॉन ६ चं काच-संक्रमण तापमान सुमारे ५०-६० अंश असतं. त्याच्या खाली अस्फटिकी भाग काचेसारखा ताठ राहतो. दोन-अडीच टक्के पाणी प्याल्यावर हेच तापमान कित्येक अंशांनी खाली येतं आणि वस्तू चिवट होते. हे पाणी साधारण तापमानाला साखळी तोडत नाही. तोडायला बॅरलची आग लागते.

म्हणजे बॅरलच्या आधी जे पाणी वैरी, तेच बॅरलच्या नंतर नायलॉनचं अर्धं बळ. आम्ही दोन्हीकडून ते हाकललं होतं. पूर्वी उघड्या क्रेटमध्ये दोन-तीन आठवडे पडून राहणं हा आळस वाटायचा, पण खाडीच्या दमट हवेत क्लिपा नकळत पाणी पीत होत्या. आता साच्यातून थेट सीलबंद पिशवी, तिथून ट्रक, आणि तिथून राजस्थानातली जानेवारीची सात-आठ अंशांची कोरडी सकाळ. दुपारी ऊन आल्यावर तुटणं कमी व्हायचं, तेही आता जुळलं.

पण जुळलं म्हणून सिद्ध झालं असं नाही. तक्रारीच्या खोक्यातल्या शंभर क्लिपा मोजून वजन केल्या, ४१२ ग्रॅम. ८०-८५ अंशांच्या पाण्यात पाऊण तास ठेवल्या, पुसून वाळवल्या आणि पुन्हा वजन केलं. ४२१ ग्रॅम, म्हणजे साधारण २.२ टक्के पाणी आत गेलं. रात्रभर ठेवून सकाळी लॉक केल्या. शंभरातली एक तुटली.

मग मामांनी कुठूनतरी जुलैच्या रिजेक्ट मालाची पिशवी शोधून आणली. हा माणूस काही टाकत नाही, त्याचा असा उपयोग होतो. त्याही क्लिपांना तसंच पाणी पाजलं. त्या थोड्या मऊ झाल्या, तुटणं काही थांबलं नाही. तुटलेली साखळी पाणी पाजून जोडली जात नाही. आमच्या लॅबमध्ये सापेक्ष श्यानता मोजली (नायलॉन विरघळवून द्रावणाचा दाटपणा बघतात, साखळ्या आखूड तर आकडा कमी), तीही याला धरूनच आली. कोरा दाणा २.७, जानेवारीची क्लिप २.६, जुलैची क्लिप २.३. म्हणजे ड्रायरने आपलं काम चोख केलं होतं.

मामा टोपाकडे बघत म्हणाले, "ताई, आम्ही वागळे इस्टेटला होतो ना, तेव्हा नायलॉनचा सगळा माल पिंपात उकळूनच द्यायचो. का ते कुणी सांगितलं नव्हतं. इथे आल्यावर काका म्हणाले, हे असलं गावठी नको." काका खिडकीबाहेर बघत राहिले.

समोरचे पर्याय

कारण कळलं, तरी उपाय एकच नव्हता.

प्लॅस्टिक बदलावं का, हा प्रश्न ग्राहकानेच काढला. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, पाणी पीत नाही, स्वस्तही आहे. पण साध्या पीपीचं काच-संक्रमण तापमान शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे थंडीच्या सकाळी तेही कडक होणार. शिवाय बराच काळ ताण राहिला की ते सैल पडतं, आणि क्लिपला तर जन्मभर ताणातच राहायचं असतं. असिटाल नावाचं प्लॅस्टिक स्प्रिंगसारखं उत्तम, पाणीही नगण्य पितं, पण ते नायलॉनपेक्षा जास्त आकसतं, म्हणजे नवा साचा. आणि साध्या पीपीसारखंच तेही पेट घेतलं की जळत राहतं. साधं नायलॉन ६ ज्वलन चाचणीत सहसा व्ही-२ ला, म्हणजे पेटलं तरी आपोआप विझणाऱ्या दर्जाला, बसतं आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगवर व्ही-२ लिहिलेलंच होतं. तिथेच हे दोन्ही पर्याय संपले.

रबर मिसळलेलं टफन्ड नायलॉन हा मात्र खरा पर्याय होता. कोरडं असतानाही ते चिवट असतं. दाणा महाग, जीभ थोडी लवचिक होणार, ज्वलनाची चाचणी पुन्हा करावी लागणार आणि मंजुरीला तीन महिने. मुदत पंधरा दिवसांची होती.

पिशव्या बंद करून पुन्हा उघड्या क्रेटवर जायचं, हे काकांना सगळ्यात आवडलेलं, कारण फुकट. मी विरोध केला. हवेवर सोडलेलं काम ऋतूवर अवलंबून राहतं. जुलैत दोन आठवड्यांत जेवढं पाणी शिरतं तेवढं फेब्रुवारीत शिरत नाही, आणि धुळीची तक्रार परत येणार ती वेगळीच.

राहिलं मुद्दाम पाणी पाजणं, म्हणजे कंडिशनिंग.

काय केलं, आणि मधेच काय अडलं

पहिली खेप गरम पाण्यात घातली. दोन हजार क्लिपांपर्यंत ठीक होतं. वीस हजार झाल्यावर पुसणं-वाळवणं हीच एक वेगळी पाळी होऊन बसली. नीट न वाळलेल्या पिशव्यांत थेंब राहिले, आणि ग्राहकाला लोखंडी पॅनेलजवळ थेंब चालणार नव्हते.

मग केबल टायच्या धंद्यात चालते ती पद्धत घेतली. दहा किलो क्लिपा पिशवीत भरायच्या, वर २०० मिली पाणी शिंपडायचं, सील करायचं आणि रोज एकदा पिशवी उलटवायची. पाणी क्लिपांनी पिऊन टाकलं की पिशवी आतून कोरडी दिसते. एवढ्या जाडीला आमच्याकडे दहा दिवस लागले. जाडी दुप्पट असती तर साधारण चौपट लागले असते, कारण पाणी आत झिरपायचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. प्रत्येक लॉटमध्ये शंभर क्लिपांची एक जाळीची थैली घालायची, आधी आणि नंतर वजन करायचं, आणि वाढ १.८ ते २.४ टक्क्यांत असेल तरच माल सोडायचा. कारखान्यात कुणालाही जमेल अशी ही तपासणी.

तरीही पहिला लॉट ग्राहकाच्या क्यूसीने, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांनी, नाकारला! क्लिप तुटत नव्हती, मापात बसत नव्हती. ड्रॉइंगवर ३४ मिमी, अधिक-उणे ०.१५. आमची कोरडी क्लिप ३४.०२ यायची, पाणी प्यालेली ३४.२०. नायलॉन ६ दर एक टक्का पाण्याला लांबीत पाव टक्क्याच्या आसपास फुगतं. मला हे माहीत होतं, पण घाईत ध्यानात राहिलं नाही. तीन वर्षं उघड्या क्रेटमधल्या क्लिपाही फुगलेल्याच जात असणार, मग तेव्हा कशा पास झाल्या? विचारल्यावर उत्तर मिळालं की तेव्हा तिकडे माप घेतच नव्हते. तक्रारीनंतर मोजायला लागले.

ग्राहकाच्या डिझाइनवाल्यांशी दोन बैठका झाल्या. खाचेत जागा होती, फुगलेली क्लिप कामाला उलट जास्त बरी बसत होती. शेवटी ड्रॉइंगवर एक ओळ वाढली: माप कंडिशन केलेल्या क्लिपचं घ्यावं, वरची सीमा ३४.२५.

निकाल

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून माल पुन्हा सुरू झाला. त्या हंगामात लॉक करताना तुटल्याची तक्रार आली नाही. ऑर्डर टिकली. पिशवीच्या पद्धतीमुळे दहा दिवसांचा साठा कायम पडून राहतो, तेवढं भांडवल अडकतं, आणि काका ते दर महिन्याला बोलून दाखवतात. ड्रायर पुन्हा चालू आहे. त्याच्या शेजारी मामांनी पिशव्यांची मांडणी केली आहे. एकाच छपराखाली इकडे पाणी काढतात आणि तिकडे घालतात, हे नव्या मुलांना समजावताना त्यांना फार मजा येते.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात पहिली गोष्ट माझ्याकडे येते. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोन बदल झाले आणि दोन्हींना मी एकाच फोनवर होकार दिला. ड्रायर आधी आणि पिशव्या महिन्याभराने, असं केलं असतं तर जानेवारीत संशय थेट पिशव्यांवर गेला असता. आणि मी निदान एवढं विचारायला हवं होतं, की आत्ता क्लिपा किती दिवस उघड्या असतात?

दुसरं, जुलैचा माल. तेव्हा शंभरात चार-पाचच तुटत होत्या, म्हणून आम्ही बाकीच्या पंचाण्णव चांगल्या समजून पाठवल्या. पण साखळ्या त्या सगळ्यांच्याच आखूड झालेल्या होत्या, दमट हवेतल्या पाण्याने नुकसान झाकलं होतं एवढंच. सापेक्ष श्यानतेची तपासणी जुलैत केली असती तर तो माल रबाळ्यातून बाहेर पडला नसता. मी हे जानेवारीत ग्राहकाला कळवायला सांगितलं. काकांनी तीन दिवस घेतले, पण कळवलं.

तिसऱ्या गोष्टीवर काका आणि मी अजून वाद घालतो. माझ्या मते टफन्ड नायलॉनच्या मंजुरीचं काम त्याच महिन्यात समांतर सुरू करायला हवं होतं, कारण कंडिशन केलेली क्लिप कायम तशी राहत नाही. राजस्थानच्या मे महिन्यात पॅनेलच्या आत तापून ती पाणी सोडते आणि पुन्हा कोरडी होते. काका म्हणतात, बसलेल्या क्लिपला कोण वाकवतंय? तेही खरं आहे. लॉक झाल्यावर तिला पुन्हा वाकायचं नसतं, आणि कोरडी क्लिप उलट जास्त ताठ धरते. प्रश्न येतो तो दुरुस्तीच्या वेळी, वायर बदलायला कुणी जीभ उचलली तर. त्यावर ग्राहकाने सध्या एवढंच केलं आहे की सर्व्हिसच्या मुलांच्या किटमध्ये क्लिपांची एक सीलबंद पुडी ठेवली आहे आणि सांगितलं आहे, जुनी क्लिप उघडायच्या भानगडीत पडू नका, कापा आणि नवी लावा.